पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरीच बदलल्या (आणि कॅलिपरच्या पिनांबद्दल कळकळीची विनंती)

बालाघाट (अंबाजोगाई)

राम राम मंडळी.

गेल्या पावसाळ्यात आईला डोळे दाखवायला बीडला घेऊन निघालो होतो. केज, नेकनूर करत मांजरसुंब्यापर्यंत गाडी छान आली. तिथून बीडकडं घाट उतरायला लागलो आणि पहिल्याच मोठ्या वळणाला डाव्या पुढच्या चाकातून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज यायला लागला. दुसऱ्या गिअरवर, कडेकडेनं, कसाबसा घाट उतरवला. आई काही बोलली नाही. तिनं दरवाजावरचं हँडल धरलं होतं, ते पायथ्याला येईपर्यंत सोडलं नाही. तो हात अजून डोळ्यापुढून जात नाही, म्हणून हा धागा.

चाक खोललं तर बाहेरच्या पॅडचा निम्म्याहून जास्त माल शिल्लक होता. आतल्या पॅडची मात्र नुसती लोखंडी पाटी उरली होती आणि तिनं डिस्कवर नांगराच्या तासासारख्या रेघा पाडल्या होत्या. हेच पॅड १४ महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. पॅड खरोखर नवे बसवले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा लोखंडी चिमटा) ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांना कुणी हातच लावला नव्हता. खालची पिन गंजून जागेवरच बसलेली, वरची पाना लावून कशीबशी हलली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढं सरकता कॅलिपर असतो. ब्रेक ऑइलच्या दाबानं पुढं येणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, फक्त आतल्या बाजूला असतो. पाय दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरानं सगळा कॅलिपर पिनांवरून मागं सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन जाम झाली की बाहेरचा पॅड नुसता उभा राहतो आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. आपण चाकाच्या जाळीतून वाकून बघतो तो बाहेरचाच पॅड. तो जाड दिसला की आपण निर्धास्त.

त्यानंतर ठरवलं, हे काम आपण शिकायचं. आता दोन वेळा स्वतः केलंय, एकदा आमच्या गाडीचं, एकदा मेव्हण्याच्या. कसं केलं ते लिहितो.

जागा आधी बघा. आमच्या अंगणात काळी माती. पावसाळ्यात तिच्यावर जॅक लावला तर तो चढायच्या ऐवजी खाली रुततो, आणि उन्हाळ्यात भेगांवर कधी कलंडेल सांगता येत नाही. मी शेजाऱ्यांच्या सिमेंटच्या ओट्यासमोर गाडी लावली. मागच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्यायचे. आणि नुसत्या जॅकवर विसंबून हात आत घालायचा नाही, काहीही झालं तरी. लोखंडी घोडी मिळते, ती लावा. मी वर काढलेलं चाकसुद्धा गाडीच्या खाली सरकवून ठेवतो, म्हणजे घोडी सटकलीच तर गाडी चाकावर बसेल.

पाने १२, १४ आणि १७ चे हाताशी ठेवा, गोटी पाना असेल तर उत्तम. तारेचा ब्रश, जी-क्लॅम्प, ब्रेक क्लीनरचा फवारा, पिनांसाठी ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, आणि कॅलिपर टांगायला जाड तार. ही तार विसरू नका. खोललेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत सोडला तर पाइप आतून फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेनं बांधून टाकायचा.

ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा आणि पातळी बघा. पिस्टन मागं ढकलला की ऑइल वर चढतं. डबी भरलेली असेल तर इंजेक्शनच्या नव्या पिचकारीनं थोडं काढून घ्या. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं.

आता पिना. दोन्ही बाहेर काढा, पण कोणती वरची आणि कोणती खालची ते लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात, एकीला टोकाशी रबरी बुश असतो. आमची खालची पिन डब्ल्यूडी-४० मारून, अर्धा तास थांबून, गोल गोल फिरवत फिरवत बाहेर आली. वर काळपट, चिकट थर होता, आणि मधोमध बोटभर भाग गंजानं खडबडीत झालेला. पॉलिश पेपरनं घासून बघितली, पण गंजानं खड्डे पडले होते, म्हणून नवी पिनच टाकली. जुनी पिन भोकात घातली की अडत अडत जायची. नवी, ग्रीस लावलेली पिन दोन बोटांनी आत दाबली आणि सोडली तर आतल्या हवेनं ती स्वतःहून थोडी मागं आली. ती हालचाल बघितली तेव्हा कळलं की ब्रेक म्हणजे नेमकं काय. रबरी बूट फाटला असेल तर तोही बदला. तिथूनच पाणी आत जातं.

ग्रीस मात्र साधं, बेअरिंगचं लावू नका. त्यानं रबर फुगतं, आणि जाम झालेली पिन आपणच तयार करतो.

डिस्क बदलायची तर पॅडचा ब्रॅकेटही खोलावा लागतो, त्याचे दोन बोल्ट बरेच घट्ट असतात. डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) गंजून चिकटते. जुनी फेकायचीच असेल तर हातोडा चालेल. आमच्या डिस्कला दोन आटे पाडलेली भोकं होती, त्यात ८ चे दोन बोल्ट आळीपाळीनं आवळत गेलो तशी डिस्क अलगद सुटून हातात आली. मग हबचा गंज तारेच्या ब्रशनं पार निघेपर्यंत घासा. नवी डिस्क तेलाच्या थरात गुंडाळून येते, तो थर ब्रेक क्लीनरनं पुसा. हात लागले असतील तर पुन्हा पुसा.

पिस्टन मागं ढकलताना जुना पॅड मध्ये ठेवून जी-क्लॅम्पनं हळूहळू दाबा. आणि एक चूक सांगतो. मेव्हण्याच्या गाडीचं काम चालू असताना भाचा पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि त्यानं ब्रेकवर पाय दिला. कॅलिपर खोललेला, पिस्टन जवळजवळ बाहेर आला. अगदी काठावर थांबला. तेव्हापासून काम चालू असताना गाडीला कुलूप आणि चावी माझ्या खिशात.

सगळं बसलं की गाडी सुरू करण्याआधी ब्रेक दाबत राहा. पहिले काही वेळा पाय थेट खाली जाईल. पिस्टन पॅडला टेकेपर्यंत, पाय कडक लागेपर्यंत दाबत राहायचं. हे विसरून गाडी गेटबाहेर काढली तर समोर जे असेल त्यावर जाऊन आदळणार.

दोन्ही चाकांना मला पहिल्यांदा पाच तास लागले. प्रश्न विचारा, माझं चुकत असेल तर सांगा.

सातवाहन (पैठण)

बालाघाट, मनापासून लिहिलंय. पण मी विरोधात आहे. तेल बदलणं, फिल्टर बदलणं घरी ठीक. ब्रेक ही माणसांच्या जिवाची गोष्ट. तुमच्याकडं हातात कसब आहे. हे वाचून ज्याला पानाही नीट धरता येत नाही असा पोरगा सुरुवात करील, त्याचं काय? एक बोल्ट आवळायचा राहिला तर रस्त्यावरची दुसरी माणसंही जातील. असं लिहिताना ही जबाबदारी आपल्यावर येते.

बालाघाट

सातवाहन, तुमचं म्हणणं मान्य आहे. ज्यानं आयुष्यात चाक बदललेलं नाही त्यानं आधी कुणा जाणत्याबरोबर बसून एकदा बघावं. मीही पहिल्यांदा आमच्या गल्लीतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना खुर्ची टाकून शेजारी बसवलं होतं. ते काही करत नव्हते, फक्त बघत होते आणि मध्येच 'थांब' म्हणायचे. पण मांजरसुंब्याच्या घाटात मी जो प्रसंग काढला तो पैसे देऊन, दुसऱ्याच्या हातून झालेल्या कामामुळंच ना. ज्यांना घरी करायचं नाही त्यांनी निदान गॅरेजमध्ये उभं राहून विचारावं, 'पिना काढून साफ केल्या का? दाखवा.' एवढ्यासाठी तरी हे वाचावं.

काळीमाती (जिंतूर)

दादा लई भारी लिव्हलंय. मी पल्सरचे पॅड सोताच बदलतो, त्याच्यात पिना बारक्या असतेत पण कथा तीच. एक विचारायचं होतं, आमच्या वॅगनारला पाऊस पडला की सकाळी डिस्क लालच दिसायलीय. बदलावी का?

वर्गशिक्षिका (परभणी)

काळीमाती, सकाळचा लाल थर पहिल्या दोन-चार ब्रेकला निघून जातो. ओतीव लोखंडाच्या (बिडाच्या) डिस्कला पाणी लागलं की रात्रीत गंज येतोच, त्याचं काही नाही. पण चार-पाच किलोमीटर चालवूनसुद्धा डिस्कच्या एका पट्ट्यावर लाल रंग तसाच राहिला, तर तिथं पॅड टेकतच नाही असं समजा. आतली बाजूसुद्धा बघा, मोबाइलचा कॅमेरा चाकाच्या आत घालून फोटो काढला की दिसते.

मी माझ्या गाडीचे पॅड गेल्या उन्हाळ्यात बदलले. शाळेला सुट्टी होती. मे महिन्यात आमच्याकडं ४३-४४ अंश, दुपारी पाना हातात धरवत नाही. म्हणून पहाटे पाचला सुरुवात केली आणि नऊला आवरलं. एक सांगायचं राहिलंय तुमच्या लेखात, बालाघाट. आतल्या पॅडची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपनं उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि नव्यांची धूळसुद्धा फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ब्रेक क्लीनर मारून ओली करायची, खाली कागद अंथरायचा, तोंडाला मास्क.

बालाघाट

ताई, खूप महत्त्वाचं सांगितलंत. मी फुंकर मारली होती. यापुढं नाही.

लेथवाला (लातूर)

धागा चांगला चाललाय. माझं लेथचं काम आहे, डिस्क घासून घ्यायला रोज कुणी ना कुणी येतं. दोन शब्द बोलतो.

डिस्कवर रेघा आहेत म्हणून लगेच नवी घ्यायची गरज नसते, पण माप न बघता घासूनही देऊ नये. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर 'मिन टीएच' आणि पुढं मिलिमीटरमध्ये आकडा कोरलेला असतो. ही कमीत कमी जाडी. डिस्क त्याच्या खाली गेली की फेकायची. घासल्यावर जी जाडी उरेल ती या आकड्याच्या वर असली पाहिजे, आणि पुढच्या झिजेलाही थोडी जागा असली पाहिजे. पातळ डिस्कमध्ये उष्णता मुरायला लोखंडच उरत नाही. पिस्टनही जास्त बाहेर यावा लागतो.

आता माप घेताना सगळे फसतात ती जागा. पॅड कडेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळं डिस्कच्या काठाला एक उंच कड राहते. व्हर्नियर वरून लावला की तो त्या कडेवरच बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. घरी मायक्रोमीटर नसेल तर पाच रुपयांची दोन सारखी नाणी घ्या. एक डिस्कच्या या बाजूला, एक त्या बाजूला, कडेच्या आत, घासलेल्या भागावर धरा. नाण्यांसकट माप घ्या, मग दोन नाण्यांची जाडी वजा करा. चार-पाच ठिकाणी घ्या. जिथं सगळ्यात कमी येईल ते खरं माप.

घासून घ्यायचीच तर दोन्ही चाकांच्या डिस्क घासा, एकच नाही. आणि जुने पॅड घासलेल्या डिस्कवर बसवू नका.

गोदाकाठ (नांदेड)

माझ्या गाडीचा ब्रेक ८०च्या पुढं दाबला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणाला डिस्क वाकली. नवी टाकली, ५ हजार किलोमीटरमध्ये पुन्हा तेच. नांदेड-हैदराबाद महिन्यातून दोनदा करतो. काय करू?

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ, आमच्या वाळूज एमआयडीसीत दुचाकीचे डिस्क ब्रेक बनतात, मी आयुष्यभर तपासणी विभागात काम केलं. 'डिस्क वाकली' हे लोक सवयीनं म्हणतात. वाकणं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा डिस्कची जाडी गोलाईत कुठं कमी, कुठं जास्त झालेली असते. जाड भाग पॅडखालून गेला की एक झटका, पातळ गेला की ढिलाई, आणि चाक फिरेल तसं ते स्टिअरिंगला जाणवतं.

तुमच्याकडं नवी डिस्कही बिघडली, म्हणजे मूळ कारण तिच्याखाली आहे. हबवर गंजाची एखादी पापडी राहिली आणि तिच्यावर नवी डिस्क बसवली, तर डिस्क केसाएवढी तिरकी बसते. सुरुवातीला काहीच कळत नाही. पण प्रत्येक फेरीत एकच जागा पॅडला हलकेच घासत राहते, ब्रेक दाबलेला नसतानाही. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा झिजून पातळ होते आणि थरथर सुरू. म्हणूनच बालाघाट यांनी हबला तारेचा ब्रश मारायला सांगितलं ते वाक्य मला फार आवडलं. डिस्क बसवल्यावर दोन नट लावून घट्ट करा आणि डायल गेज (डगमग मोजणारं काट्याचं यंत्र) लावून फिरवून बघा. ०.१ मिलिमीटरच्या आत डगमग असली पाहिजे, ०.०५च्या आत असेल तर उत्तम. डायल गेज लेथवाल्याकडं मिळेल.

चाकाचे नट वाकडेतिकडे आवळले तरी हेच होतं. समोरासमोरचे आवळत जावं, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या जोराला) थांबावं. पायानं पाना दाबून उभं राहणं ही आपली सवय मोडली पाहिजे.

दुसरं, नवे पॅड-डिस्क बसवले की त्यांना एकमेकांशी जुळवून घ्यायला वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नसताना, ६० वरून २० पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, पुन्हा ६० वर जा. असं आठ-दहा वेळा. मग थोडं अंतर ब्रेक न लावता चालवा म्हणजे थंड होईल. लाल तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पाय दाबून ठेवला तर पॅडचा माल त्या एका जागी चिकटतो, तिथूनही थरथर सुरू होते.

गोदाकाठ

साहेब, नट मी टायरवाल्याकडं हवेच्या गननं आवळून घेतो प्रत्येक वेळी. रविवारी खोलून बघतो आणि कळवतो.

सातवाहन

वाळूजकर, हे वाचून माझं मत थोडं बदललं. गॅरेजमध्ये हबला ब्रश मारताना मी कधीच कुणाला पाहिलेलं नाही. एक विचारतो. समृद्धी महामार्गावर मी जालन्याहून नागपूरला जातो. १२० ची मर्यादा, पण तासन्‌तास ब्रेकला पायही लागत नाही. मग तिथं ब्रेक जास्त झिजतात की कमी?

वाळूजकर

झिजतात कमी. पण एकदा दाबायची वेळ आली तर काम फार मोठं असतं. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतीची ऊर्जा चौपट होते. ६० ला गाडी थांबवायला डिस्कला जेवढी उष्णता गिळावी लागते त्याच्या चौपट १२० ला, आणि तीही काही सेकंदांत. म्हणून समृद्धीवर जाणाऱ्यांनी पॅड ३ मिलिमीटरवर आले की बदलावेत, आणखी चालतील म्हणून थांबू नये. नवा पॅड साधारण १० मिलिमीटरचा असतो.

आणि ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या दर्जाचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात ओल मुरली की तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ असेल तर २०५ आणि १४०. घाटात सतत ब्रेक दाबून गाडी उतरवली की कॅलिपरमधलं जुनं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय नुसता खाली जातो. औट्रम घाट, मांजरसुंबा, कुठलाही असो, खालच्या गिअरवर उतरा. ऑइल दर दोन वर्षांनी बदला, झाकणावर लिहिलंय तेच घाला.

काळीमाती

काढलेल्या ऑइलचं काय करायचं? आमच्याकडं लोकं बांधावर वततेत.

बालाघाट

बांधावर नको दादा. ते जमिनीतून विहिरीत उतरतं. मी जुन्या बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून ठेवतो आणि इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याला देतो. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

वर्गशिक्षिका

मागे डिस्क असलेल्या गाड्यांबद्दल कुणीतरी सांगा ना. माझ्या भावाच्या गाडीला चारही डिस्क आहेत आणि हँडब्रेकचं बटण आहे.

लेथवाला

ताई, बटणवाला हँडब्रेक असेल तर मागचा पिस्टन जी-क्लॅम्पनं अजिबात दाबू नका. आत मोटर असते, ती मोडेल. आधी ती मोटर सर्व्हिस मोडमध्ये टाकून मागं घ्यावी लागते. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो. केबलचा हँडब्रेक असेल तर बहुतेक ठिकाणी पिस्टन फिरवत फिरवत आत घालावा लागतो, त्याचं वेगळं हत्यार मिळतं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यानं मागची चाकं सोडून द्यावीत, पुढचीच करावीत.

गोदाकाठ

कळवतो म्हटलं होतं. रविवारी डावं चाक खोललं. डिस्क काढली तर हबवर नखाएवढी गंजाची खपली, आणि डिस्कच्या पाठीवर तिचा ठसा जसाच्या तसा उमटलेला. ती निघाल्यावर ब्रश मारला, लेथवाल्याकडून डायल गेज आणलं होतं, त्यावर आधी ०.१८ दिसत होतं, आता ०.०४. डिस्क आमच्याकडच्या लेथवर घासून घेतली, माप 'मिन टीएच'च्या बरंच वर आहे. दोन नाण्यांनीच मोजलं.

पिनाही काढल्या. उजव्या चाकाची वरची पिन पार कोरडी होती, ग्रीसचा थेंब नाही. अजून जाम झालेली नव्हती.

बालाघाट

गोदाकाठ, हे वाचून फार बरं वाटलं. १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्कला तपासा. आणि उसाचा हंगाम सुरू झालाय, रात्री ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, हैदराबादला जाताना उजेडी निघा.

गोदाकाठ

नट तपासले, ठीक आहेत. कालच परत आलो. स्टिअरिंग शांत आहे.